उंदरांचे डॉक्टर

डॉक्टर मोहरील फार सज्जन माणूस होते, असं त्या भागातली म्हातारी माणसं आजही सांगतात. मी ऐकून घेते आणि विषय बदलते. ते सज्जन होतेच, तेच तर माझं दुखणं आहे. दुर्जनानं फसवलं तर माणूस चार शिव्या घालून मोकळा होतो. सज्जनानं फसवलं की शिवी जिभेवर येते आणि तिथेच बसून राहते. माझी तर इतकी वर्षं बसून आहे.

तेव्हा जिल्हा चांद्याचाच होता. अहेरीच्या पुढे, सागाच्या जंगलात, एका गावी सरकारी दवाखाना होता आणि मी तिथली नर्स. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे विहीर. माझ्याआधीच्या नर्सबाई पहिल्याच पावसाळ्यात पळाल्या होत्या. डॉक्टर तर टिकतच नसत. बदलीचा अर्ज खिशात घालूनच यायचे. मोहरील मात्र अर्ज न आणता आले. ठेंगणे, किडकिडीत, खाकी अर्धी चड्डी, पांढरा सदरा, आणि ऊन असो नसो, काखेत छत्री. उघड्या दारावरसुद्धा टकटक करून आत यायचे. मी एकदा म्हटलं, "साहेब, दार उघडंच आहे." तर म्हणाले, "दार उघडं आहे, पण तुम्ही बोलावलं कुठे?" अशा माणसावर विश्वास ठेवू नये तर कोणावर ठेवावा?

रोग्याला प्रश्न विचारून विचारून ते हैराण करत. काय खाल्लं, कधी खाल्लं, कोणासोबत खाल्लं, त्याला काही झालं का. ताप आलेला माणूस उत्तरं देऊन देऊनच घामाघूम व्हायचा. "तुमच्या प्रश्नांनीच ताप उतरते सायेब," असं रैनू म्हणायचा. रैनू मडावी आमच्या दवाखान्याचा शिपाई. जवळच्याच पाड्यावरचा, पस्तिशीचा, रुंद खांद्यांचा, आणि हसला की डोळे अगदी मिटून जाणारा. पाणी भरणं, झाडलोट, गोंडीतलं मराठीत आणि मराठीतलं गोंडीत करणं, ही सगळी कामं त्याची. त्यात डॉक्टरांनी आणखी एक काम वाढवलं. उंदरांचं.

पांढरे उंदीर नागपूरहून रेल्वेनं बल्लारशाला आणि तिथून लाकडाच्या लॉरीवर टोपल्यांतून आले. साऱ्या गावानं गर्दी केली. गावच्या पाटलांनी टोपलीत डोकावून विचारलं, "काऊन जी डॉक्टर, आमच्या इथच्या उंदरायनं काय घोडं मारलं होतं?" डॉक्टर शांतपणे म्हणाले, "तुमचे उंदीर हुशार आहेत. मला भोळे हवेत." लोक हसले आणि त्यांनी डॉक्टरांचं बारसं करून टाकलं. गोंडीत उंदराला एल्ली म्हणतात. तेव्हापासून ते एल्ली डॉक्टर.

डॉक्टरांना दारू सोडवणारं औषध शोधायचं होतं. नागपूरच्या कॉलेजातला त्यांचा एक मित्र परदेशातून येणाऱ्या नव्या नव्या पुड्या पाठवायचा. त्या आधी उंदरांना द्यायच्या आणि त्यांचं पिणं कमी होतं का ते पाहायचं. पण उंदीर पिणारे तर हवेत! आमचे उंदीर वारकऱ्यांसारखे निघाले, मोहाच्या दारूला तोंड लावीनात. मग डॉक्टरांनी तिच्यात पाणी घातलं, गूळ घातला, आणि महिनोन्‌महिने गूळ थोडा थोडा कमी करत नेला. शेवटी निम्मेअधिक उंदीर नुसत्या दारूच्या बाटलीकडे धावायला लागले. डॉक्टरांचा चेहरा मुलगा मॅट्रिक झाल्यासारखा फुलला. मी म्हटलं, "साहेब, आधी बिघडवायचं आणि मग सुधरवायचं, हा कुठला न्याय?" तर म्हणाले, "बाई, सुधरवणारे सगळे असंच करतात. फक्त मी ते मोजून करतो."

मोजण्याचं मात्र त्यांना वेडच होतं. प्रत्येक पिंजऱ्याला दोन बाटल्या, एक पाण्याची, एक दारूची. त्यांच्या जागा रोज बदलायच्या, कारण उंदराला एका बाजूची सवय लागते आणि आपल्याला वाटतं की दारूचीच लागली. एक पिंजरा तर रिकामाच होता. त्यालाही दोन बाटल्या, आणि त्यांचंही रोज मोजमाप. नुसतं ठिबकून आणि उडून किती जातं, ते वजा करायला. बाजाराला आलेले लोक मुद्दाम तो पिंजरा पाहायला यायचे. "यातला उंदीर दिसत नाई, पण पेते बरोबर," असं रैनू त्यांना गंभीर चेहऱ्यानं सांगायचा.

दारू रैनूची बायको सोमी गाळून द्यायची. तिच्याच हातची, एकाच मडक्याची हवी, असा डॉक्टरांचा हट्ट. रैनूही रोज संध्याकाळी त्याच मडक्यातली दोन-तीन द्रोण घ्यायचा. एकदा तपासाला आलेल्या जमादारानं दवाखान्यात मडकं पाहून भुवया चढवल्या. डॉक्टरांनी त्याला तासभर सगळं समजावलं. तो निघताना हळूच म्हणाला, "साहेब, उंदीर कमी पडले तर आम्ही हाओ."

आता जे सांगते, ते मला सगळ्यात जास्त आवडायचं. औषध देताना डॉक्टर उंदराला शेपटीनं कधी उचलत नसत. दोन्ही हातांत धरायचे, तोंडाजवळ न्यायचे आणि त्याला सांगायचे, "आज तुझी पाळी आहे हं. कडू लागेल. पोटात ढवळेल. माफ कर बाबा." रोज, प्रत्येकाला. आधी मला हसू यायचं. मग यायचं बंद झालं. मी माझ्या आईला वर्ध्याला पत्रात लिहिलं होतं की इथे एक देवमाणूस आहे.

बऱ्याच पुड्या वाया गेल्या. एकीनं उंदीर नुसते झोपले, एकीनं पाणीसुद्धा पिईनात. मग एक पांढरी पूड आली. ती दिलेल्या उंदरांनी दारू प्यायली, जरा वेळानं धापा टाकायला लागले, कोपऱ्यात अंग चोरून बसले, आणि पुढे त्यांनी दारूची बाटली सोडून पाण्याची धरली. पूड न दिलेले शेजारचे उंदीर पहिल्यासारखेच झोकत होते. डॉक्टरांनी पुन्हा केलं, तेच झालं. तिसऱ्यांदाही तेच. त्या दिवशी त्यांनी येणाऱ्या प्रत्येक रोग्याच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले.

त्याच आनंदात ते एकदाच घरचं बोलले. थोरला भाऊ नागपुरात दारूपायी गेला होता. "मी त्याला रोज विनवायचो, बाई. औषधही दिलं असतं, तर त्यानं गटारात ओतलं असतं. पिणाऱ्याला सांगून काही होत नाही." मी मान हलवली. दुःखातलं बोलणं म्हणून सोडून दिलं.

सगळं टिपण नागपूरला गेलं. उत्तर आलं, उंदरांचं ठीक आहे, माणसाचं काय? डॉक्टर ते पत्र बरेच दिवस सदऱ्याच्या खिशात घालून फिरत होते. त्याच हिवाळ्यात रैनूचा बाप वारला.

सकाळी दवाखाना उघडायच्या आधी आम्ही तिघं डॉक्टरांच्या पडवीत चहा प्यायचो. डॉक्टर स्वतः करायचे. तिघांचे कप सारखे आणि कोणाचा कोणता ते ठरलेलं नाही. त्या काळात, त्या मुलखात, ही लहान गोष्ट नव्हती. वरून आलेले बाबू लोक रैनूला ओंजळीत पाणी पाजायचे. आणि एक दिवस मी पाहिलं तर रैनूसाठी वेगळा कप. निळ्या काठाचा. तो आतून भरूनच यायचा.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रैनू गेल्यावर मी डॉक्टरांना म्हटलं, "साहेब, तुम्हीसुद्धा? इतके दिवस चाललं, आता काय विटाळ झाला?" ते खाली मान घालून कप विसळत राहिले. मला वाटलं, लाजले. नागपूरहून त्यांची वहिनी येऊन गेली होती, तिनं काही भरवलं असेल, असं मी मनाशी ठरवलं. रैनूनंच माझी समजूत काढली. "राहू द्या बाई. कप अलग हाये, पन साखर जास्त टाकतेत माह्या कपात."

त्यानंतर रैनूचं पिणं कमी झालं. डॉक्टर रोज सहज विचारल्यासारखं विचारायचे, काल किती घेतली? रैनू सांगायचा, अर्धा द्रोण, मग तेवढीही नाही. सोमी खूश. मीही खूश. पण रैनूचा चेहरा उतरत चालला होता. एकदा विहिरीवर तो मला म्हणाला, "बाप गेला तवापासून दारू पोटात बसत नाई, बाई. घोटभर घेतली की तोंड तापते, छाती धडधडते. बाप रुसला वाटते माह्यावर."

"डॉक्टरांना विचारलंस का?"

"इचारलं. मंग नको घेऊ म्हनले."

मोहफुलं वेचून झाली, तशी बापाचा दगड उभा करायची वेळ आली. त्या पाड्याची रीत अशी, की माणूस मेला म्हणजे लगेच पूर्वजांत जात नाही. त्याच्या नावाचा दगड आणायचा, मुलानं पानाच्या द्रोणातून त्यावर मोहाची दारू ओतायची आणि उरलेली तिथेच स्वतः प्यायची. ती पोटात राहिली की बापानं घेतली, मुलाच्या हातचं मान्य केलं. मग दगड बाकीच्या दगडांच्या रांगेत उभा होतो. तोवर म्हातारा बिचारा ना घरचा ना घाटचा. रैनू डॉक्टरांना आणि मला बोलवायला आला, तेव्हा त्यानं नवं धोतर नेसलेलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, "पहिल्या धारेची असते का रे?" "हो जी. त्या दिवशी पानी नाई टाकत." डॉक्टर म्हणाले, "येतो." दुसऱ्या दिवशीपासून निळ्या काठाचा कप दिसेनासा झाला आणि तिघांचे कप पुन्हा सारखे झाले. मला वाटलं, माझं बोलणं लागलं.

भर दुपारी, पळसाच्या सावलीत, सगळा पाडा जमला होता. रैनूनं दगडावर धार धरली. उरलेला द्रोण तोंडाला लावून एका दमात रिकामा केला. ढोल चालू होते. थोड्या वेळानं त्याचे डोळे लाल झाले. मान लाल, छाती लाल. त्यानं सोमीचा खांदा धरायला हात पुढे केला, पण तो पोचला नाही. गुडघ्यावर बसला आणि सगळं भडाभडा ओकला, बापाच्या दगडावर.

ढोल थांबले. मी धावले, पण डॉक्टर माझ्या आधी पोचले होते. त्यांनी त्याला आडवं केलं, पाय उंच केले, नाडी धरली आणि पिशवीतून सुई काढली. दगड उभा करायच्या निमंत्रणाला माणूस सुईची पिशवी घेऊन का येतो, हा विचार मला तेव्हा आला. मग दुसरा आला. त्यांनी एकही प्रश्न विचारला नव्हता. ना काय खाल्लं, ना कधी खाल्लं. काटा टोचला तरी दहा प्रश्न विचारणारा माणूस गप्प होता. त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती, पण नवल नव्हतं. आणि मला धापा टाकणारे ते उंदीर आठवले.

रैनू वाचला, डॉक्टरांनीच वाचवला. परतीच्या बंडीत मी त्यांना विचारलं, "चहात देत होतात?"

ते चाकाकडे पाहत म्हणाले, "बंद केलं होतं, बाई. आधीच बंद केलं होतं. उंदरांच्या अंगातून चटकन उतरतं."

"तो उंदीर आहे का?"

"त्याचं भलंच होत होतं. तुम्हीच म्हणाला होतात, सोमी खूश आहे."

"तुम्ही उंदरांना सांगता, साहेब. रोज सांगता. माफीसुद्धा मागता. आणि रैनूला नाही सांगितलं?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं पाणी होतं, मी खोटं सांगणार नाही. म्हणाले, "पाड्याचे पंच निवाड्याला बसतील तेव्हा मी सांगतो. सगळ्यांसमोर सांगतो. म्हाताऱ्याचा दगड उभा राहिला पाहिजे." मी विश्वास ठेवला. न ठेवून करते काय? सवय लागली होती विश्वासाची.

पंच बसले, तेव्हा रैनू भिंतीला टेकून बसला होता. बाप कशासाठी रुसला, याचं कारण त्यानं स्वतःच शोधून ठेवलं होतं. "देवाले जे चढते, पुरख्याले जे चढते, ते मी पिंजऱ्यातल्या उंदराले पाजलं," तो म्हणाला. "म्हनून बाप माह्या हातचं घेत नाई. चूक माहीच हाये." ते ऐकून बायका कुजबुजल्या. गावचा पुजारी, भूमिया म्हणतात त्याला, फार म्हातारा आणि सरळ माणूस होता. त्यानं डॉक्टरांकडे वळून विचारलं, "तुम्ही औषधपानी जानता. तुम्ही सांगा. हे दुखनं हाये का बापाचा रुसवा? दुखनं असन त पुन्हा द्रोन देऊ. दुखन्यात दोष नाई."

एका वाक्याचं काम होतं. म्हातारा सोडवण्याचं दार त्या माणसानं उघडून दिलं होतं.

डॉक्टर उभे राहिले. छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. म्हणाले, "मी तपासलं. दुखणं मला तरी काही सापडलं नाही."

मी उठलेच. मोडक्यातोडक्या गोंडीत आणि मराठीत सगळं सांगितलं. चहा, कप, पूड, उंदीर. भूमियानं पुन्हा डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर माझ्याकडे न पाहता हळूच म्हणाले, "बाई जागरणानं थकल्या आहेत. त्यांचा गैरसमज झाला."

आणि त्यावर रैनू बोलला. माझ्यावर कधी न चिडलेला रैनू. "बाई, असं नोका बोलू सायबाले. आपल्या हातानं चहा करून पाजते तो मानूस मले. जहर काऊन देईन? सायेब खोटं बोलत नाई."

मी खाली बसले. पंचांनी निवाडा दिला. म्हाताऱ्याचा दगड रांगेबाहेर, आडवाच ठेवला. रैनूच्या हातची दारू आता लग्नात कोणी घेणार नाही, त्याला कोणी देणार नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर माझ्या दारावर टकटक करून आले. मी 'या' म्हटलं नाही, तर बाहेरूनच बोलले. "खरं सांगितलं असतं तर या दवाखान्यातली तापाची गोळीसुद्धा पुन्हा कोणी तोंडात घातली नसती. लहान मुलं मेली असती, बाई." बोलणं पटण्यासारखं होतं, म्हणून मला आणखीनच संताप आला. नोकरी गेली असती, हे ते बोलले नाहीत. मीच बोलले. मग ते छत्री उघडून, सावलीत चालतानासुद्धा उघडीच ठेवून, निघून गेले.

वर्षाच्या आत त्यांची नागपूरला बढतीवर बदली झाली. मी वर दोनदा लिहिलं. एकदाही उत्तर आलं नाही. भूमियाकडेही जात राहिले. तो म्हणायचा, "ज्यानं पाजलं त्यानं येऊन म्हनलं पाहिजे." त्याचंही चूक नव्हतं.

डॉक्टरांना मी शेवटचं पाहिलं ते अहेरीच्या बाजारात. मधे राज्य बदललं होतं, आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला होता. मी दवाखान्याचं सामान घ्यायला आले होते, डोक्यावर पोतं घेतलेला रैनू माझ्यासोबत होता. जीपमधून डॉक्टर उतरले, बरोबर दोन पाहुणे. केस पिकले होते, आता फुलपँट होती. रैनू पोतं टाकून धावला आणि त्यांच्या पायावर वाकला. डॉक्टरांनी त्याला प्रेमानं उठवलं. प्रेम खरंच होतं, एवढंच माझ्या डोक्यात बसत नाही.

"काय रे रैनू, अजून घेतोस का?"

"नाई सायेब. तवापासून शिवलो नाई. बाप घेत नाई, त मी कोनासोबत पेऊ?"

डॉक्टर पाहुण्यांकडे वळले. रैनूच्या खांद्यावर त्यांचा हात होता. "पाहिलंत? संपूर्ण सुटली. इतकी वर्षं झाली, एक थेंब नाही." पाहुण्यांनी रैनूला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. रैनू कौतुक ऐकून हसला, डोळे मिटून. मग डॉक्टरांची नजर माझ्यावर पडली आणि ते जीपकडे वळले.

रैनू मागोमाग गेला. जीपच्या दांडीला धरून म्हणाला, "सायेब, एक काम होतं. बापाचा दगड अजून आडवाच हाये. तुम्ही शिकलेले. तुम्ही येऊन एक शब्द टाकसान त मानतीन लोक."

डॉक्टरांनी त्याचा हात थोपटला. "बघतो मी," म्हणाले. जीप सुरू झाली.

धूळ खाली बसेपर्यंत रैनू रस्त्यात उभा होता. मग परत आला, पोतं डोक्यावर घेतलं आणि चालता चालता मला म्हणाला, "सायेब बघतो म्हनले, बाई."